कायमचा नवा ग्राहक

"काकू, ही लिंक उघडा, तुम्हालाही पन्नास मिळतील, मलाही पन्नास मिळतील" असा मेसेज आला की माझं डोकंच उठतं. पाठवणारा भाचा असो की भाजीवाली, मला त्या मेसेजमागे आमच्या चौथ्या मजल्यावरच्या नंदकुमार शेट्येचंच तोंड दिसतं. चष्मा कपाळावर, एक फोन हातात, दुसरा शर्टाच्या खिशात, आणि सगळ्या जगाला आत्ताच गंडवून आल्याचं समाधान चेहऱ्यावर.

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते. समोरासमोर दारं आहेत, करावं लागतं. पण लिहिताना ते माझ्याच्याने व्हायचं नाही, तेव्हा इथे तो 'तो'च.

आधीच सांगते, काटकसर करणाऱ्याची मी चेष्टा करणार नाही. मी स्वतः उरण नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारी बाई आहे. ज्याला परवडत नाही तो वाचवतो, त्याला मी हात जोडते. पण शेट्येला काय धाड भरली होती? तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरचा मोठा साहेब होता. वेळेआधी निवृत्ती घेतली, चांगली रक्कम पदरात पडली. नवीन पनवेलातला हा फ्लॅट स्वतःचा, कामोठ्यातला दुसरा भाड्याने दिलेला. घरात माणसं तीन: हा, बायको सुलभा आणि एकुलती एक मुलगी जान्हवी. तरी पैसे देऊन वस्तू आणणं म्हणजे या माणसाला स्वतःचा अपमान वाटायचा.

"वहिनी, छापील किंमत म्हणजे अडाण्यांना केलेला दंड," असं तो मला लिफ्टमध्ये ऐकवायचा. माझ्या हातात वाण्याकडून आणलेली पिशवी असायची, म्हणजे अडाणी कोण ते उघडच होतं.

निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, गीतेच्या वर्गाला जातात. याने अ‍ॅप घेतली. सकाळी दहाला एक ऑफर उघडायची, दुपारी बाराला दुसरी, चारला तिसरी. प्रत्येकीचा गजर लावलेला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चाललाय, माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, आणि मध्येच याच्या खिशातून कोंबडा आरवायचा. हा लगेच भिंतीकडे तोंड करून उभा. दोन मिनिटांनी वळायचा आणि म्हणायचा, "एक रुपयात टूथपेस्ट. हं, टाकीचं काय म्हणत होता?"

सगळ्यात चांगल्या ऑफर असतात नव्या ग्राहकाला. पहिली ऑर्डर फुकट, पहिला आठवडा फुकट. मग दरवेळी नवं व्हायचं कसं? त्यासाठी सिमकार्डं. स्टेशनबाहेर छत्री लावून बसणाऱ्या पोरांकडून हा फुकटची सिमकार्डं आणायचा आणि गोळ्यांच्या डबीत ठेवायचा. सोमवार ते रविवार असे सात कप्पे असतात ना, तसली डबी. ती डबीही कुठल्याशा आरोग्य शिबिरात फुकटच मिळालेली. सुलभाच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र वाटीत.

काही वर्षांत बहुतेक अ‍ॅपनी याचं नाव ओळखलं आणि दार बंद केलं. मग सुलभाचं नाव चाललं. तेही संपलं. तेवढ्यात जान्हवी अठरा वर्षांची झाली. मुलगी सज्ञान झाल्यावर बापाचे डोळे भरून येतात म्हणे. याचेही भरून आले असतील, कारण घरात कोरं आधारकार्ड आलं होतं. तेव्हापासून त्या घरातल्या प्रत्येक पार्सलवर तिचं नाव. जान्हवी शेट्ये, जान्हवी एन., जे. शेट्ये, जानू शेट्ये, जान्हवीबेन सुद्धा. फेसवॉशची पुडी, दाढीचं ब्लेड, कुत्र्याचं खाणं. घरात कुत्रा नाही. "फुकट होतं हो," म्हणाला, आणि ते खाणं आमच्या वॉचमनला दिलं. घरतमामांनी पुडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "सायेब, ह्या आमी खावाचा का कुत्र्याला घालाचा?"

घरतमामा म्हणजे कोन गावचे महादू घरत. वय साठीच्या पुढे, घरचं बरं आहे, पण बसून राहवत नाही म्हणून आमच्या गेटवर दिवसपाळी करतात. माणूस सरळ. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारा.

एकदा दुधाच्या अ‍ॅपवर नव्या ग्राहकाला सात दिवस रोज एक लिटर फुकट होतं. शेट्येने सहा नावं नोंदवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहा पिशव्या दारात. सुलभाने दही लावलं, पनीर केलं, बासुंदी केली, मग परत पनीर. तिसऱ्या दिवशी तिचं विरजण आमच्या फ्रिजमध्ये आलं. चौथ्या दिवशी ती ओट्याला टेकून उभी होती, पुढ्यात उतू गेलेलं पातेलं. मला म्हणाली, "याच्यापेक्षा म्हैस पाळली असती तर शेण तरी विकता आलं असतं." आणि हसली. सुलभा हसायची, हेच त्या घराचं सगळ्यात मोठं नुकसान. तिने पहिल्याच वर्षी एखादं पातेलं त्याच्या डोक्यात घातलं असतं तर पुढचं वाचलं असतं. हे मी तिला तोंडावर सांगितलंय.

वाढदिवसाचं तर विचारूच नका. हॉटेलांच्या अ‍ॅपवर वाढदिवसाची तारीख टाकली की केक फुकट, कुठे एक जेवण फुकट. म्हणून सुलभाचा वाढदिवस वर्षातून सात-आठदा यायचा. एकदा आग्रहाने आम्हालाही नेलं, बिल आपापलं. केक आला, चार वेटर टाळ्या वाजवत उभे राहिले, आणि सुलभा खाली मान घालून मेणबत्तीवर फुंकर मारतेय. वाढदिवस नव्हता हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. वेटरलाही माहीत असावं. सुलभाचा खरा वाढदिवस श्रावणात असतो. त्या दिवशी मी साडी घेऊन गेले तर घरात वरणभात. शेट्ये म्हणाला, "आता परत कसला वाढदिवस? यंदाचे सगळे झाले." विनोद केल्यासारखा हसला वर. मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली, खरं सांगते.

जान्हवीला हे सगळं लहानपणापासून कळायचं. गप्प, सडपातळ, बापासारख्या जाड भुवया. नववी-दहावीत असताना माझ्याकडे गणितं विचारायला यायची. कॉलेजात गेल्यावर एकदा मला म्हणाली, "काकू, माझ्या नावाने किती वस्तू येतात! मला त्यातली एकही नको असते." तेव्हा मी नुसतं "हं" केलं. शेजारच्यांच्या घरात आपण कशाला बोला, असं आपलं मध्यमवर्गीय शहाणपण.

आता त्या पाण्याच्या फिल्टरबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच झालं.

कुठल्याशा कंपनीने तीस दिवस फिल्टर घरी लावून बघा, नाही आवडला तर परत करा, अशी योजना काढली. शेट्येने जान्हवीच्या नावाने लावून घेतला. तीस दिवस झाले. परत केला नाही, पैसेही दिले नाहीत. ज्या नंबरवरून घेतला ते सिम डबीतून कचऱ्यात. कंपनीचा माणूस आला. शेट्येने इंटरकॉमवरूनच सांगितलं, "अशी कुणी इथे राहत नाही." माणूस गेला. पंधरा दिवसांनी दुसरा आला. तेव्हा शेट्ये खाली उतरला आणि घरतमामांना शिकवून गेला, "कुणी पिशवी, फाइल घेऊन आला आणि जान्हवी शेट्ये विचारलं, तर म्हणायचं, ते लोक जागा सोडून गेले. नाशिकला. जास्तच करायला लागला तर मला इंटरकॉम लावा, मी बघतो." आणि त्यांच्या हातात चहाच्या सँपलच्या चार पुड्या ठेवल्या.

मी सोसायटीची सेक्रेटरी. हे माझ्यासमोर झालं. मी म्हणाले, "शेट्ये, हे बरं दिसतं का?"

"वहिनी, कंपन्या आपल्याला वर्षभर लुटतात. एक फिल्टर गेला तर त्यांच्या बापाचं काय जातं?"

मी नाक मुरडलं आणि वर गेले. नियमावर बोट ठेवून मी तेव्हाच थांबवू शकले असते. पार्किंगच्या पट्टीवरून चाळीस नोटिसा काढणारी बाई मी, पण यावर एक नाही काढली.

त्याच सुमारास जान्हवीचं पदवीचं वर्ष संपलं. तिने ग्राउंड स्टाफचा एक कोर्सही केला होता, त्याची फी तिने शिकवण्या घेऊन भरली. बापाने एवढंच विचारलं होतं, "फीवर कॅशबॅक आहे का?" नव्या विमानतळाच्या कामांसाठी एका कंपनीत मुलाखती होत्या. पनवेल, उलवे, गव्हाण, सगळीकडची पोरं रांगेत. तिची निवड झाली. ती धावत माझ्याकडे आली, फोनवरचं पत्र दाखवलं, आणि माझ्या गळ्यात पडली. इतकी वर्षं शेजारी राहतेय, ती मुलगी कधी कुणाच्या गळ्यात पडलेली मी पाहिली नव्हती.

"काकू, गणवेश आहे. आणि गळ्यात पास, फोटोचा. माझं नाव लिहिलेला."

त्या पासला आधी चौकशी लागते. शिक्षण खरं का, पत्ता खरा का, हे बघायला माणूस घरी येतो. तिने घरात सांगितलं होतं. सुलभाने ऐकलं, शेट्येने ऐकलं नाही. चारच्या ऑफरची वेळ असेल.

तो माणूस एका मंगळवारी दुपारी आला. सुलभा देवळात भजनाला, जान्हवी बँकेत पगाराचं खातं उघडायला. मी भाजी घेऊन गेटमध्ये शिरत होते. चोवीस-पंचवीसचा पोरगा, पाठीला बॅग, हातात फाइल. घरतमामा त्याला सांगत होते, "ती लोका गेली नाशिकला. जागा सोरली त्यांनी."

पोरगा म्हणाला, "मामा, पण पत्ता तर हाच दिलाय. घरात कोण आहे त्यांच्याशी बोलू द्या."

मामांनी इंटरकॉम लावून दिला. शेट्येचा आवाज मला तिथवर ऐकू आला. मुद्दाम जाड काढलेला. "जान्हवी शेट्ये? नाही हो, अशी कुणी मुलगी इथे राहत नाही."

"आपलं नाव, सर?"

"पाटील."

पोराने लिहून घेतलं. गेटचा, बिल्डिंगच्या नावाचा फोटो काढला. आणि मी तिथेच उभी, एका हातात मेथी, दुसऱ्या हातात दुधी. मला वाटलं, चला, परत फिल्टरवाला आला. मला मनातल्या मनात हसूच आलं, आणि मी लिफ्टचं बटण दाबलं. ते हसू मला अजून आठवतं.

आठवड्याने जान्हवीला पत्र आलं. दिलेला पत्ता खोटा, घरातल्या माणसाने उमेदवार तिथे राहत नसल्याचं सांगितलं, सबब नेमणूक रद्द.

ती वेड्यासारखी खाली आली. गेटवरचं रजिस्टर ओढलं, पानं उलटली. मंगळवार. येणाऱ्याचं नाव, वेळ, आणि कामाच्या रकान्यात त्या पोराने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'जान्हवी शेट्ये, नोकरीसाठी पत्ता पडताळणी.' मामांना वाचता येतं, पण चष्म्याशिवाय नाही. मी तर बघितलंच नव्हतं.

शेट्ये खाली आला. सुलभा मागोमाग. जान्हवीने रजिस्टर त्याच्यासमोर धरलं. ती रडत नव्हती.

"पप्पा, पाटील कोण?"

शेट्येने वाचलं. परत वाचलं. मग मामांवर ओरडला, "तुम्हाला अक्कल आहे का? नोकरीचा माणूस आणि फिल्टरचा माणूस यातला फरक कळत नाही?"

मामा खुर्चीवरून उठले. "सायेब, तुमीच सांगलंत नाय म्हनून सांग. आमी नाय सांगलं. मंग फोन तुमाला लावला तं तुमी पन नाय सांगलंत. पोर तुमची, तुमाला कललं नाय, आमाला काय कलनार?"

इतकं खरं आमच्या गेटवर कुणी कधी बोललं नसेल. रजिस्टर मिटून शेट्ये म्हणाला, "बरं बरं, घाबरायचं काही नाही. असं कसं रद्द करतात? तक्रार टाकू आपण. मी इतक्या कंपन्यांकडून रिफंड काढलेत, यांच्याकडून नोकरी काढता येणार नाही?"

"तुम्ही काही करू नका," जान्हवी म्हणाली. "पप्पा, पाया पडते, तुम्ही काहीही करू नका."

दुसऱ्या दिवशी ती आधारकार्ड, विजेचं बिल आणि सोसायटीचं पत्र घेऊन कंपनीत गेली. पत्र मी दिलं, सही-शिक्क्यासकट. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, गोंधळ झालेला दिसतो, शुक्रवारपर्यंत थांब, साहेबांशी बोलते, परत चौकशी लावून घेऊ. जान्हवी घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जरा रंग होता. मला म्हणाली, "होईल बहुतेक, काकू." दोन दिवस तिने नखं खाल्ली. सुलभाने देव पाण्यात घातले. सगळ्या घराचा जीव त्या शुक्रवारात अडकलेला.

आणि हा गृहस्थ? अ‍ॅपवाल्यांना कसं वठणीवर आणायचं, त्याची याची एक ठरलेली पद्धत होती. पाचपैकी एक तारा द्यायचा, खाली शिव्या घालायच्या, ग्राहक न्यायालयाची धमकी द्यायची, तीही पाच-सहा नावांनी. मग समोरून फोन येतो, "सर, तुमची गैरसोय झाली, शंभर रुपये जमा करतो." गुरुवारी दुपारी याने त्या कंपनीला एकामागोमाग पाच तारे दिले, म्हणजे पाच वेळा एकेक. 'फ्रॉड कंपनी. पैसे खाऊन माणसं भरतात. चोवीस तासांत उत्तर द्या नाहीतर कोर्टात खेचतो.' आणि खाली नावं? याच्याकडे वापरातली नावं तीच होती. जान्हवी शेट्ये. जान्हवी एन., जे. शेट्ये, जानू शेट्ये. जान्हवीबेन सुद्धा.

शुक्रवारी सकाळी त्या बाईंचा फोन आला. जान्हवी माझ्याच घरी होती, चहा पीत. तिने स्पीकर लावला, मलाही ऐकू यावं म्हणून. चांगली बातमी असणार असं आम्हा दोघींनाही वाटलं होतं.

"मॅडम," त्या बाई म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी बोलणार होते. पण हे तुम्ही जे लिहिलंय, ते साहेबांनी वाचलं. पत्त्याचं मी समजावलं असतं. याचं काय समजावू?"

"मी काय लिहिलंय?" जान्हवीने विचारलं.

त्यांनी वाचून दाखवलं. पहिलं वाचल्यावर जान्हवी म्हणाली, "नको, पुरे." बाई पुढे म्हणाल्या, "माझ्याकडून आता काही होणार नाही, बेटा." आणि फोन ठेवला.

जान्हवीने कप उचलला, बेसिनमध्ये विसळला, पालथा घातला. माझ्या घरात ती कधी कप विसळायची नाही, मी विसळू द्यायचे नाही. मग समोरच्या दारातून आत गेली. मी कान लावून उभी राहिले, लाज कसली. आरडाओरडा झाला नाही. फक्त शेट्येचा आवाज येत होता: "अगं पण मी तुझ्यासाठीच... अगं उत्तर येतं, थांब जरा, चोवीस तास कुठे झालेत?"

करावं तसं भरावं म्हणतात. इथे याने केलं आणि पोरीने भरलं. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस लाजेने भिंतीत शिरेल. पण पुढल्या आठवड्यात तो मला खाली सांगत होता, "नशीब एकेकाचं, वहिनी. तशाही त्या नोकरीत रात्रपाळ्या फार." मी त्याच्याशी दोन महिने बोलले नाही. त्याच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक.

जान्हवीने कोनजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी धरली. माल आत, माल बाहेर, त्याच्या नोंदी. पगार त्या नोकरीच्या निम्म्याहून थोडा जास्त. तिथेच एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. जाताना एक सुटकेस आणि उशी, बस. गेल्यावर स्वतः फोन करून तिने नवा नंबर मला दिला, आईला दिला. "पप्पांना नाही," म्हणाली. "त्यांच्याकडे माझी पाच नावं आहेत, त्यांना पुरतील." एवढा कडवट शब्द त्या मुलीच्या तोंडून मी एकदाच ऐकला.

सुलभा दर रविवारी डबा घेऊन रिक्षाने जाते. पहिल्या रविवारी शेट्येही चपला घालून तयार झाला. सुलभा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही नाही." पस्तीस वर्षांत तिचं पहिलं पातेलं डोक्यात पडलं ते हे. तो परत आत गेला. नंतर कधी चपला घातल्या नाहीत.

याला आता दहा महिने झाले. गजर अजून वाजतात, पण मध्यंतरी एका मीटिंगमध्ये कोंबडा आरवला तेव्हा शेट्ये भिंतीकडे वळला नाही. कोंबडा आरवत राहिला, शेवटी शेजारच्या माणसाने त्याला कोपर मारलं. मला वाईट वाटलं का? नाही. उगाच खोटं कशाला लिहू? मला वाटलं, बरी खोड मोडली.

मग गेल्या महिन्यात एका दुपारी बेल वाजली. दारात शेट्ये, हातात मोठा खोका.

"मिक्सर आहे," म्हणाला. "जान्हवीसाठी. तिच्याकडे नाहीये. सुलभा पाट्यावर चटणी वाटून नेते, डब्यात सांडते. सुलभाला म्हटलं घेऊन जा, तर ती म्हणते, तुमचं काहीही मी तिकडे नेणार नाही. वहिनी, तुमचं ऐकते जान्हवी. तुम्ही द्याल?"

मी खोक्याकडे बघितलं. माझ्या नजरेत काय होतं ते त्याला बरोबर कळलं.

"विकत घेतलाय, वहिनी," तो घाईघाईने म्हणाला. "गावात जाऊन, दुकानातून. ऑफर नाही, काही नाही. बिल आत ठेवलंय. तिला आधी बिल दाखवा."

मी खोका घेतला. दार लावलं. आणि लगेच उघडून बघितला, कारण या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. वरच बिल होतं, घडी न घातलेलं. ग्राहकाचं नाव: नंदकुमार गोविंद शेट्ये. खाली फ्लॅटचा नंबर, बिल्डिंगचं नाव, सगळं बिनचूक. मोबाइल नंबर त्याचा स्वतःचा, कारखान्यात असल्यापासूनचा. इतक्या वर्षांत त्या घरात आलेल्या वस्तूवर मी त्याचं पूर्ण नाव पहिल्यांदा वाचलं.

संध्याकाळी जान्हवीला फोन केला. मिक्सरचं सांगितलं. तिने विचारलं, "बिल कुणाच्या नावावर आहे?"

"त्यांच्याच."

"पूर्ण नाव?"

मी वाचून दाखवलं. नंबरही वाचला. पलीकडे गोदामात कुठेतरी ट्रक मागे घेत होते, त्याची पिपाणी वाजत राहिली.

"राहू दे तुमच्याकडे, काकू," ती शेवटी म्हणाली. नको म्हणाली नाही, आणतेही म्हणाली नाही.

तेव्हापासून खोका माझ्या कपाटावर आहे. शेट्ये रोज लिफ्टमध्ये भेटतो आणि विचारत नाही. मी होऊन काही सांगत नाही. का सांगू? दहा महिने त्या पोरीने काढले, त्यालाही थोडे काढू देत. काल मात्र चौथ्या मजल्यावर दोघं उतरलो, मी माझ्या दाराशी, तो त्याच्या. किल्ली कुलपात घालून तो तसाच पाठमोरा उभा राहिला. मग दाराकडे बघतच म्हणाला,

"वॉरंटी एकाच वर्षाची आहे, म्हणावं तिला."